व्हिडिओ लायब्ररी गेली, तिच्याबरोबर नेमकं काय गेलं?

शनिवारची_कॅसेट

एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. घरात तीन-चार ओटीटी आहेत. जेवणं झाली की मी रिमोट घेऊन बसते, चौकटीमागून चौकटी सरकवत राहते, दोन ट्रेलर बघते आणि काहीच न लावता झोपायला जाते. व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हा असं होत नसे. हवा तो सिनेमा बाहेर गेलेला असायचा, पण रिकाम्या हाताने घरी आल्याचं मला आठवत नाही. दुसरा काहीतरी उचलायचो आणि पुष्कळदा तो दुसराच लक्षात राहायचा.

रॅकवर नुसती कव्हरं असायची, कॅसेट काउंटरमागे. आम्ही भावंडं त्या कव्हरांपुढे भांडायचो, कारण न्यायची एकच आणि बघणारे सगळे. बाबांना मारामारी नको, आईला रडारड नको, भावाला जुनं नको. शेवटी जे हाती लागायचं ते कुणाच्याच पहिल्या पसंतीचं नसायचं, पण रात्री सगळे एका खोलीत बसून ते शेवटपर्यंत बघायचे. आता घरात प्रत्येकाचा पडदा वेगळा आणि प्रत्येकाची यादी वेगळी.

मुलगी म्हणते, "आई, तुला लायब्ररी नकोय, तुझं लहानपण परत हवंय." हे मला पूर्ण पटत नाही. लहानपणीची शाळाही गेली, तिच्यासाठी जीव असा तुटत नाही. खरंच काही हरवलंय का? असेल तर ते काय? ज्यांनी तो काळ पाहिला, आणि खास करून ज्यांनी असं दुकान चालवलं, त्यांनी सांगावं.

आणि एक व्यवहाराचा प्रश्न. लायब्ररी बंद होताना मालकांनी नेहमीच्या लोकांना कॅसेटी वाटल्या. एक खोकं माझ्या माळ्यावर आहे. व्हीसीआर केव्हाच गेला. त्या कॅसेटी अजून चालतील का? काय करावं त्यांचं?

पाठमजकूर

मला आठवतं ते कव्हर उलटं करून मागचा मजकूर वाचणं. तीन ओळींत गोष्ट, खाली दोन-तीन छोटे फोटो, कोपऱ्यात सिनेमाची लांबी. तेवढ्यावरून ठरवायचं. मी न बघितलेल्या कितीतरी सिनेमांचे मागचे मजकूर मला पाठ होते. भयपटांच्या रॅककडे बघायची भीती वाटायची आणि पाय तिकडेच वळायचे. ते सिनेमे पुढे मोठेपणी बघितले. एकही त्या कव्हराएवढा भीतिदायक निघाला नाही.

ऐकू_येईल_असं

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

माझ्या वडिलांना ऐकायला कमी येतं, अगदी तरुणपणापासून. व्हिडिओ लायब्ररीच्या काळात त्यांच्यासाठी जवळजवळ काही नव्हतं. आम्ही आणायचो त्या कॅसेटींवर अक्षरं असलीच तर परक्या भाषेतल्या सिनेमांवर, तीही चित्रातच छापलेली, टीव्हीच्या धुरकट उजेडात निम्मी न वाचता येणारी. घरातले सगळे हसायचे आणि बाबा आमच्या तोंडाकडे बघून हसायचे. आज ते एकटे बसून, अक्षरं हवी तेवढी मोठी करून, हवं तिथे थांबवून सिनेमा बघतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला एका सिनेमातला संवाद सांगितला, जो मी स्वतः नीट ऐकला नव्हता.

शिवाय लायब्ररीत मिळायचं ते मालकाच्या आवडीचं आणि गल्ल्याच्या सोयीचं. लोकप्रिय कॅसेटींची तर दैना झालेली असायची, नेमक्या गाजलेल्या प्रसंगाला पडद्यावर मुंग्या, कारण तिथेच सगळ्यांनी थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितलेलं. तेव्हाच्या आठवणी गोड आहेत हे मान्य. पण जे मिळालं आहे ते माझ्या घरात फार मोठं आहे, आणि ते कुणी हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

काउंटरपलीकडची

मी व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर बसायचे. आधी कॅसेटी, मग डीव्हीडी, मग कुलूप. त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही. लांब लिहिणार आहे.

ऐकू_येईल_असं, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं, आणि तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. तशी माणसं आमच्या दुकानातही यायची आणि त्यांना द्यायला माझ्याकडे मूकपट आणि मारामारीचे सिनेमे सोडून काही नसायचं. ती उणीव खरी होती. पण शनिवारची_कॅसेट यांनी विचारलंय की हरवलं काय, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. दोन गोष्टी हरवल्या. एक, सिनेमाची प्रत दुकानाच्या मालकीची असणं. दुसरी, सिनेमा परत करायला यावं लागणं.

पहिली गोष्ट आधी. हा धंदा कुणी आखून सुरू केला नव्हता. घरच्या व्हिडिओ कॅसेटचे दोन प्रकार होते: सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. व्हीएचएसच्या एका कॅसेटवर सुरुवातीपासून दोन तास मावायचे, म्हणजे एक अख्खा सिनेमा. बीटामॅक्सवर आधी तासभरच. १९७७ मध्ये अमेरिकेत आंद्रे ब्ले यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओकडून ५० सिनेमे कॅसेटवर विकायचे हक्क मिळवले. विकायचे, भाड्याने द्यायचे नव्हे. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्या कॅसेटी विकत घेतल्या आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. तिथला कायदा असा की विकत घेतलेल्या प्रतीचं पुढे काय करायचं हे घेणारा ठरवतो. त्यावरून नवी प्रत काढायची नाही, पण ती प्रत विकता येते, देता येते, भाड्याने लावता येते. एवढ्याशा फटीतून तो सगळा धंदा उभा राहिला, स्टुडिओंची मर्जी असो वा नसो.

याचा अर्थ नीट बघा. रॅकवर आलेला सिनेमा परत कुणी काढून नेऊ शकत नसे. कंपनी बुडो, हक्क कुणाकडेही जावोत, कॅसेट झिजून तुटेपर्यंत ती आमच्याकडे असायची. आज ओटीटीवरचा सिनेमा कराराने येतो आणि करार संपला की जातो. तुम्ही अर्ध्यावर थांबवून ठेवला असलात तरी जातो. आणि कॅसेटवर आलेले कितीतरी सिनेमे डीव्हीडीवर आलेच नाहीत, डीव्हीडीवर आलेले सगळे ओटीटीवर चढले नाहीत. कधी संगीताचे हक्क अडतात, कधी मालक कोण तेच ठरत नाही, कधी कुणाला तेवढा खर्च परवडत नाही. प्रत्येक उडीत काही सिनेमे मागच्या काठावर राहिले. म्हणून एखादी लायब्ररी रद्दीत जाते तेव्हा तिच्याबरोबर आठवणीच नाही, सिनेमेही जातात. न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओचं उदाहरण घ्या. योंगमन किम यांनी आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. त्याचा पुढे सुमारे ५५,००० सिनेमांचा संग्रह झाला. दुकान बंद होताना तो एकत्र सांभाळणारं कुणी हवं म्हणून २००९ मध्ये थेट इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सालेमी गावी गेला, तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला आणि २०२२ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला आला. कॅसेटींसाठी समुद्र दोनदा ओलांडावा लागला, कारण त्यातलं पुष्कळसं दुसरीकडे मिळणारं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या जास्त जवळची आहे. परत करणं.

लोकांना वाटतं काउंटरवरच्या माणसाचं काम म्हणजे कॅसेट देणं. माझं खरं काम परत घेताना व्हायचं. माणूस कॅसेट ठेवतो आणि एक वाक्य बोलतो. "ठीक आहे." "शेवट कळला नाही." "आईला फार आवडला, पुन्हा नेऊ का?" ते एक वाक्य मी ऐकायचे आणि लक्षात ठेवायचे. पुढच्या वेळी तो आला की त्या वाक्यावरून काढून द्यायचे. एक बाई नेहमी सुखान्त शेवटाचे सिनेमे मागायच्या आणि परत करताना प्रत्येकाबद्दल म्हणायच्या, "असं कुठे होतं का?" त्यांना मी एकदा न विचारता एक वाईट शेवटाचा सिनेमा दिला. परत करताना त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर मला विचारल्याशिवाय त्यांनी काही नेलं नाही.

आणि रिवाइंड. प्रत्येक कॅसेटवर आम्ही चिठ्ठी लावायचो की मागे फिरवून आणा. बहुतेक जण आणायचे. पण जे आणत नसत त्यांच्या कॅसेटींनी मला फार शिकवलं. टेप ज्या जागी थांबलेली असे, त्या जागी त्या माणसाने सिनेमा सोडलेला असे. मी दुकानातल्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट घालून बघायचे. एक गृहस्थ नेहमी म्हणायचे, "मस्त होता." आणि त्यांची टेप कायम पहिल्या तासाच्या आत थांबलेली. पुढे माझ्या लक्षात आलं की ज्या सिनेमात बापलेकाचं वाजतं, तिथेच ते थांबतात. मी कधी विचारलं नाही. फक्त तसले सिनेमे त्यांच्या हाती देणं बंद केलं, आणि हळूहळू त्यांच्या टेपा शेवटापर्यंत जाऊन यायला लागल्या.

मला ठाऊक आहे, आजच्या यंत्रालाही तुम्ही कुठे थांबवलं ते कळतं. माझ्यापेक्षा अचूक कळतं. पण त्या माहितीला समोर उभं राहून "ठीक आहे" म्हणणारा चेहरा नसतो, आणि त्या माहितीवर लाजही नसते. आमच्या वहीत अख्ख्या वस्तीची गुपितं होती. कोण काय नेतो, कोण काय लपवून नेतो. ती वही मी कुणाला दाखवली नाही, मालकाच्या भावालाही नाही. यावर अमेरिकेत कायदाच झाला. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क या न्यायाधीशांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा एका साप्ताहिकाने त्यांनी भाड्याने नेलेल्या सिनेमांची यादी मिळवून छापली. यादीत वावगं काही नव्हतं. तरी खासदार हादरले, आणि १९८८ मध्ये भाड्याने नेलेल्या सिनेमांची माहिती उघड करायला बंदी घालणारा कायदा आला. माणूस काय बघतो ही खाजगी बाब आहे, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला कायद्याशिवाय माहीत होतं.

रॅक लावण्याबद्दलही सांगते, कारण शनिवारची_कॅसेट यांनी लिहिलेला "दुसराच सिनेमा" आपोआप हाती लागत नव्हता. गाजलेल्या नव्या सिनेमाच्या डाव्या-उजव्या बाजूला काय ठेवायचं, यावर मी सकाळचा वेळ घालवायचे. नवा सिनेमा बाहेर गेलेला असणारच, हात शेजारी जाणारच. तिथे मी मला आवडलेला, कुणी न नेणारा, जुना कृष्णधवल सिनेमा ठेवायचे. विनोदी सिनेमे एकीकडे आणि गंभीर दुसरीकडे ही पद्धत मला कधी पटली नाही. क्वेंटिन टारांटिनो दिग्दर्शक व्हायच्या आधी कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या व्हिडिओ आर्काइव्ह्ज या दुकानात काउंटरवर होता, आणि ते दुकान बंद झाल्यावर तिथला संग्रह त्याने विकत घेतला. मला त्याचं नवल वाटत नाही. त्या रॅकपुढे जो उभा राहिला त्याला कुठला सिनेमा कुठल्या सिनेमाचा नातेवाईक आहे ते दिसायला लागतं.

मोठ्या साखळी दुकानांबद्दल मला एवढी हळहळ नाही. ब्लॉकबस्टरची २००४ च्या सुमारास ९,००० हून अधिक दुकानं होती, २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातलं मॉर्लीचं दुकान बंद झाल्यावर ओरेगॉनमधल्या बेंड गावात एकच उरलं. त्याची छायाचित्रं बघायला लोकांना आवडतं. पण तशा दुकानांत एकाच नव्या सिनेमाच्या प्रतींनी भिंत भरलेली असायची. सिएटलचं स्केअरक्रो व्हिडिओ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते १९८८ पासून आहे, २०१४ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली, आणि तिथे १,४०,००० हून अधिक सिनेमे आहेत. लॉस एंजेलिसचं विडियट्स २०१७ मध्ये बंद झालं आणि २०२३ मध्ये एका जुन्या थिएटरात पुन्हा उघडलं. तिथे आजही समोर माणूस असतो.

तर तुमच्या मुलीला सांगा, लहानपण नव्हे. आईला एक असा माणूस हवाय ज्याला तिने मागच्या वेळी काय म्हटलं ते आठवतं.

टेप_आणि_हेड

काउंटरपलीकडच्या ताईंनी मन भरून लिहिलंय. मी फक्त खोक्याचं बोलतो, कारण तिथे घाई आहे.

माळ्यावरून खाली काढा, आजच. कॅसेटला उष्णता आणि दमट हवा दोन्ही मारक, आणि माळ्यावर दोन्ही असतं. आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. लोहचुंबक असलेलं काही, म्हणजे स्पीकर वगैरे, जवळ नको.

मग प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतली टेप बघा. कडेवर पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट अजिबात चालवू नका. एक बुरशीची कॅसेट यंत्राचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब करते आणि पुढे घातलेल्या सगळ्या कॅसेटींना बुरशी लावते. ती वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोलीत. साफ करता येते, पण जाणकाराकडून.

बाकीच्या बहुधा चालतील. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास टेप असते, रुंदी १२.७ मिलिमीटर. इतकी वर्षं एका जागी गुंडाळून राहिल्यावर थर एकमेकांना धरून बसतात. म्हणून बघायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची. मधेच थांबवून ठेवायची नाही, मधला उघडा भाग आधी खराब होतो.

व्हीसीआर मिळवणं अवघड होत चाललंय. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवीन यंत्र कुणी मोठ्या प्रमाणावर बनवत नाही. जुनं घेतलंत तर आधी एखादी फेकायची कॅसेट घालून बघा, टेप चावत तर नाही ना. आणि पीएएल की एनटीएससी ते तपासा, या टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एकाची कॅसेट फक्त दुसरंच चालवणाऱ्या यंत्रात घातली तर चित्र लागणार नाही.

डिजिटल करायचं तर क्रम असा लावा: आधी घरगुती चित्रीकरण, लग्नं, वाढदिवस, कारण त्याची जगात दुसरी प्रत नाही. मग असे सिनेमे जे कुठेच मिळत नाहीत. डीव्हीडीवर चांगल्या प्रतीत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटवर वेळ घालवू नका. व्हीएचएसचं चित्र मुळातच कमी तपशिलाचं आहे, कितीही महाग यंत्र लावलं तरी नसलेला तपशील येत नाही. पण कव्हरं मात्र एकही टाकू नका. स्कॅन करा. पाठमजकूर यांना पाठवा.

शनिवारची_कॅसेट

सगळ्यांचे मनापासून आभार. खोकं खाली आलंय. दोन कॅसेटींवर पांढरं दिसतंय, त्या बाजूला काढल्या. तळाशी एक बिनकव्हराची निघाली, वर कुणाच्या तरी अक्षरात फक्त "ठेवणे" लिहिलेलं. आमच्या घरातलं अक्षर नाही.

ऐकू_येईल_असं, तुमच्या वडिलांचं वाचून मी रात्री मोठी अक्षरं लावून सिनेमा बघितला. आईला तसंच लावून देणार आहे. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत म्हणून आलं.

काउंटरपलीकडच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. टेप कुठे थांबली ते बघायचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्यांना विचार ना, मी काय बघू?" ती एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही काय द्याल तिला?

काउंटरपलीकडची

असं लगेच नाही देता येत. तिला म्हणावं, आवडलेले सिनेमे सांगू नकोस, ते सगळे चांगलेच सांगतात. शेवटचा कुठला सिनेमा अर्ध्यावर सोडलास ते सांग. कुठल्या प्रसंगाला सोडलास, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, आणि पुढे काय झालं असेल असं तुला वाटतं. तिनेच लिहू दे, तुम्ही मधे पडू नका.

आणि "ठेवणे" लिहिलेली कॅसेट इतर कुठल्याही कॅसेटच्या आधी फिरवून घ्या. आमच्याकडे असं लिहायचे तेव्हा ती परत मिळणार नाही म्हणून लिहायचे.